विजेच्या दातांची ओटी

अंजनगव्हाणच्या शिवारात अगदी शेवटच्या बांधाला लागून एक बुटका माळ आहे. त्याच्यावर झाड नाही, देऊळ नाही, निशाण नाही. माथ्यावर नुसते दगड आहेत, पण ते साधे धोंडे नव्हेत. तळहातात मावतील एवढे, काळे, गुळगुळीत. एक टोक निमुळते आणि दुसऱ्या टोकाला कुऱ्हाडीसारखी धार. मधूनमधून गारेची, म्हणजे गारगोटीची, पातळ पाती आहेत, नखाएवढी, उन्हात धरली तर आरपार उजेड दिसतो. सगळ्यांची धार खाली मातीत रोवलेली आहे. या जागेला आम्ही ओटीचा माळ म्हणतो. मोठ्या दगडांना विजेच्या दाढा म्हणतात आणि गारेच्या पात्यांना तिचे दुधाचे दात.

मध्यंतरी शहरातून अभ्यास करणारी मंडळी आली होती. त्यांनी सांगितले की हे दगड विजेचे नाहीत. माणसांनीच घासून केलेल्या या कुऱ्हाडी आहेत, लोखंड ठाऊक नव्हते तेव्हाच्या. हजारो वर्षांपूर्वी नदीकाठी त्यांची वस्ती होती. ते खरेच असणार. धारेवर बोट फिरवले की ती कुणीतरी बसून, वेळ देऊन आणलेली आहे हे आपल्यालाही कळते. पण दगड जमिनीत कसे आले ते त्यांनी सांगितले. जमिनीतून निघून या माळावर कसे आले, ते आमच्या गावानेच सांगायचे आहे. म्हणून येणाऱ्या पाहुण्याला आम्ही आधी बसवतो, पाणी देतो आणि मग सांगतो. ऐकताना भीती वाटली तर वाटू द्यावी. आम्हाला अजून वाटते.

फार मागची गोष्ट आहे. आमची जमीन नदीच्या वळणापासून उतरत उतरत ओढ्यापर्यंत येते. वर काळी आणि खोल, खाली येईल तशी उथळ, आणि ओढ्याजवळ नुसता मुरूम. वरचे रान पाटलांचे होते. त्याखाली एकाखाली एक इतरांची शेते, मग रखमाजीचे, आणि रखमाजीच्या बांधाखाली, या माळाला लागून, शेवटचा तुकडा ठकूचा. ठकू ही रखमाजीच्या धाकट्या भावाची बायको. तो तापाने गेला. वाटणीत आलेला मुरमाड तुकडा, त्यावरचे एक छप्पर आणि राही नावाची लहान लेक, एवढेच तिच्यापाशी उरले होते.

त्या काळीही नांगराला हे दगड लागत. आधी त्याचे कुणाला काही वाटत नसे. कुणी त्यावर हळकुंड ठेचत, कुणी दाराला टेकण लावत. मग एका चैत्रात पाटलांच्या औतावरच्या देवजीला एक फार देखणा दगड सापडला. घरी दाखवू म्हणून त्याने तो मुंडाशात खोचला. दुपारी आभाळ आले, आणि नांगराची सरी ओढता ओढताच त्याच्यावर वीज पडली. जोडीचा एक बैलही तिथेच गेला. माणसांनी देवजीला उचलले तेव्हा मुंडासे जळून गेले होते आणि दगड मात्र तसाच होता. त्याला भेगसुद्धा नव्हती.

तेव्हा कुणीतरी म्हणाले, म्हणे, की हा विजेचा दात आहे. ती जमिनीला चावते तेव्हा दात तुटून आत राहतो. दात वर आला की ती तो शोधत येते. हे पहिल्यांदा कोण बोलले ते आज कुणालाच ठाऊक नाही. पण दिवेलागणीच्या आत ते घराघरांत पोचले होते.

त्यानंतर गावाचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. नांगराच्या फाळाला खट्ट आवाज आला की माणूस जागच्या जागी गोठायचा. पुढे पुढे तर बैलही त्या आवाजाला आपणहून थांबू लागले. बाया दगडावर हळकुंड ठेचायच्या थांबल्या, टेकणे दारातून गेली. पण टाकायचे कुठे? नदीत टाकावे तर पाणी भरायला रोज तिथेच जायचे. पुरावे तर नांगर पुन्हा वर काढणार. मग एकाने काय केले, तर बाभळीच्या काठीने दगड सरकवत बांधापर्यंत नेला आणि हात न लावता खालच्या शेतात उडवून दिला. मागे वळून पाहिले नाही. घरी जाताना पाय धुतले. खालच्याला सकाळी तो दगड दिसला. दात आपल्या रानात कसा आला हे त्याने ओळखले, पण भांडायला वर गेला नाही. त्यानेही एक बाभळीची काठी तोडली.

अशी ती रीत पडली. कुणी कुणाला बोलले नाही. सकाळी पाणवठ्यावर माणसे एकमेकांना रामराम करत, आणि प्रत्येकाच्या घरी कोपऱ्यात एक काठी उभी असे. दगड बांधावरून बांधावर उतरत राहिले. वरच्या काळ्या रानात निघालेला दात चार-दोन दिवसांत खालच्या मुरमात येऊन पडे.

ठकूला मात्र यातले काही माहीत नव्हते. तिला सांगायचे, म्हणजे आपण टाकतो हेही सांगावे लागले असते. देवजीचे मरण तिने पाहिले होते, दाताची गोष्ट तिने ऐकली होती. आणि आता रोज उजाडले की तिच्या शेतात नवा दात दिसायचा. तिने नांगर धरलेला नव्हता. तिच्याकडे बैलच नव्हते. तरी दात वर येत होते. आपल्याच भुईतून ते उगवताहेत असे तिला वाटू लागले. विजेने आपल्या तुकड्यावर खूण केली आहे, आधी नवरा गेला आणि आता तिला लेक हवी आहे, असे तिच्या मनाने घेतले. तिने उपास धरले. माळाच्या कडेला दिवा ठेवला. एकेका दातावर पाटी पालथी घालून ती त्याला झाकायची आणि पाटी कमी पडली की आभाळाकडे बघत बसायची.

एक दिवस ती पाणी घेऊन आली तर राही माळावर खेळत बसली होती. दगडांची तिने बैलजोडी केली होती. पुढे दोन काळे बैल, मागे गारेची वासरे, आणि ती तोंडाने त्यांना हाकत होती. ठकूने घागर तिथेच टाकली. लेकीला तिने कधी बोट लावले नव्हते, त्या दिवशी मारले. मग राखेने तिचे हात घासले. कातडी लाल झाली, पोर रडून रडून थकली, तरी ती घासतच राहिली.

वैशाखातली एक दुपार होती. ऊन तांब्यासारखे तापलेले, वारा बंद, होले गप्प झालेले. ठकू बांधाच्या आडोशाला बसून गवत कापत होती. तेवढ्यात वरून एक दगड आला आणि तिच्या विळ्याजवळ पडला. ती उभी राहिली. बांधापलीकडे रखमाजी उभा होता, हातात बाभळीची काठी. दोघांच्या मध्ये हातभर बांध.

सांगतात की ठकूने आधी दगडाकडे पाहिले, नंतर काठीकडे. मग तीच म्हणाली, "भावजी, हे तुम्ही?"

"माझा नाय तो, ठके. मला वरच्यानं दिला, त्याला त्याच्या वरच्यानं. मी कुठं ठेवू? माझी चार लेकरं हायेत."

"माझी एक हाये," ठकू म्हणाली. "एका लेकीला इतके दात?"

 रखमाजी वाईट माणूस नव्हता. भावाच्या दहाव्याला तोच सगळ्यांत जास्त रडला होता, असे आमच्याकडे मुद्दाम सांगतात. पण त्याने काठी टाकली नाही आणि मानही वर केली नाही. जाता जाता एवढेच म्हणाला, "तू बी टाक की खाली. खाली कोण हाये?"

खाली ओढा होता आणि ओढ्यापलीकडे गायरान. ते कुणाचेच नव्हते. ठकूने विचार केला, खरेच, खाली कोण आहे? तिने पदराची ओटी केली आणि माळावरचे, शेतातले, पाट्यांखालचे सगळे दात हातांनी वेचले. हाताने शिवायची तिची ती पहिलीच वेळ. एवढ्या उन्हात पडून ते आतून गार होते, म्हणे. ओटी जड झाली. राहीला सोबत घेऊन ती ओढ्यावर आली.

पलीकडच्या काठावर धनगरांनी पाल ठोकले होते. एक बाई सपाट खडकावर पाय पसरून तान्ह्या पोराला न्हाऊ घालत होती. तिने ठकूकडे पाहिले, मग ठकूच्या मागे आभाळाकडे पाहिले, आणि हाक दिली, "ओ बाई, मागं आभाळ उठलंय. लेकराला घरात न्या."

ठकूने मागे पाहिले. नदीच्या अंगाला काळेनिळे आभाळ उभे राहिले होते आणि त्याच्या पोटात वीज आवाज न करता फिरत होती. तिने पुन्हा त्या बाईकडे पाहिले. कापडाचे पाल, आत एक बाज, मांडीवर पोर. खाली कोण आहे ते तिला कळले. खाली कुणीतरी असतेच.

तिचे हात ओटीवरून सुटले नाहीत. ती माघारी फिरली, माळावर येऊन सगळे दात ओतले, आणि राहीला कडेवर घेऊन रखमाजीच्या घराकडे पळाली. त्याचे घर बांधाच्या वर, त्याच्याच रानात होते, भिंती दगडाच्या, दार सागवानी. तोवर वारा सुटला होता. दार आतून लावलेले होते. आडवा अडसर घातल्याचा आवाज तिने ऐकला.

"आक्का," तिने थोरल्या जावेला हाक मारली. गिरजा तिचे नाव. "मला नको. राहीला तेवढी आत घ्या."

दाराआड हालचाल झाली. मग गिरजाचा आवाज आला, दबका, दाराला तोंड लावून बोलल्यासारखा. "ठके, पोरीनं दात शिवलेत का?"

इथे आमच्याकडे सांगणारा थांबतो. "नाही" एवढे म्हटले असते तर दार उघडले असते. गिरजाला तेवढेच ऐकायचे होते. कडेवर राही, डोक्यावर आभाळ, आणि आत जावेची चार लेकरे भिंतीला लागून बसलेली. ठकूची दाताच्या गोष्टीवर पूर्ण श्रद्धा होती, हे लक्षात ठेवायला हवे. शिवलेल्या हातामागे वीज येते, ही गोष्ट तिच्या लेखी सूर्य उगवण्याइतकी खरी होती. ती खोटे बोलली असती, तर मग त्या घरावर बांधावरून दात टाकल्यासारखेच झाले असते.

"शिवलेत," ती म्हणाली. "खेळली ती त्यांच्याशी."

अडसर निघाला नाही.

ठकूने दारावर हात मारला नाही, शिव्याशाप दिले नाहीत. राहीला तिने वळचणीखाली, उंबऱ्याला टेकवून बसवले. मग दाराला तोंड लावून म्हणाली, "आक्का, मी दात घेऊन लांब जाते. वीज माझ्यामागं येईल, हिच्यामागं नाय. एवढं झालं, मग तरी दार उघडा."

आणि ती गेली.

पुढचे गावाने दारांच्या फटींतून पाहिले. ओढ्याकडच्या उघड्या माळावर ती बसली. सगळे दात तिने पुन्हा ओटीत घेतले आणि दोन्ही मुठींनी पदराची टोके घट्ट धरली. पाऊस अजून यायचा होता. वीज मात्र आली होती. आधी नदीवर, मग पाटलांच्या रानात, मग त्याखाली. ती बांधाबांधाने खाली उतरत होती, जसे दात उतरले होते तशीच. ज्यांच्या शेतावरून ती पुढे गेली त्यांनी सुस्कारा सोडला आणि त्या सुस्काऱ्याची त्यांना जन्मभर लाज वाटली, असे सांगतात.

रखमाजी दाराला पाठ लावून बसला होता. बाहेरून राही दार वाजवत होती. जोरात नाही. पोर पाहुणी असल्यासारखी, हलक्या हाताने. "काकू, मी हाये," ती म्हणत होती. आत थोरला मुलगा रडत म्हणाला की राही बाहेर आहे. गिरजाने एकदा अडसराला हात घातला. त्याच क्षणी फटीतून पांढरा उजेड आत आला, तिचे केस मानेवर ताठ झाले, आणि तिने हात मागे घेतला. दार वाजायचे थांबले. मग वीज पडली.

तो आवाज आवाजासारखा नव्हता, म्हणे. भांडी आपोआप खाली आली. भिंतीतून माती गळली. कुणाला काही ऐकू येईना. आणि मग एकदम पाऊस.

गिरजाने अडसर काढला. दोन्ही हातांनी, नवऱ्याला बाजूला ढकलून. राही वळचणीखालीच होती, जिवंत होती. पत्र्यासारख्या कोसळणाऱ्या पागोळ्यांखाली तिने दोन्ही हात धरले होते, आणि मूठमूठ माती घेऊन ती ते घासत होती. आईने घासले होते तसेच. गिरजाला पाहून तिने हात पुढे केले.

"धुतले, काकू," ती म्हणाली. "आता घेता का?"

गिरजा तिथेच पावसात खाली बसली.

माळावर माणसे गेली तेव्हा ठकू तशीच बसलेली होती. कुणी ओटी भरून जावे आणि बाईने मान लववून ओटीत पाहावे, तशी. लुगडे जळले नव्हते. दगडांवर पावसाचे थेंब पडत होते आणि त्यांची वाफ होत होती. श्वास तेवढा नव्हता. मुठी इतक्या आवळलेल्या की पदर सुटेना. तिला उचलायचे तर ओटीतले दात आधी काढायला हवे होते, आणि हात लावायला कुणी पुढे होईना. सगळे पावसात उभे राहिले. शेवटी रखमाजी गुडघ्यावर बसला. पहिला दगड त्याच्या हातून दोनदा निसटला. मग त्याने तो उचलला आणि मागे न बघता हात मागे केला. मागच्याने तो घेतला. त्याने त्याच्या मागच्याला दिला. असे करत सगळे दात सगळ्यांच्या हातांतून गेले, आणि शेवटच्या माणसाने ते धार खाली करून मातीत रोवले, पुन्हा कुणाला चावू नयेत म्हणून.

राही त्या घरात वाढली. गिरजाने तिला पोटच्या पोरांसारखे सांभाळले, त्यांच्यापेक्षा जास्तच. पण आभाळ उठले की राही आत यायची नाही. बाहेर उंबऱ्याला टेकून बसायची. हाका मारल्या, समजावले, ओढून पाहिले, काही उपयोग झाला नाही. मग गिरजा तिच्याजवळ जाऊन बसू लागली. दार उघडे, पाऊस आत, आणि दोघी उंबऱ्यावर. तो अडसर गिरजाने चुलीत घातला. पुढे शेजारणींनीही आपापले घातले. कुणी तसे करायला सांगितले नव्हते.

आजही आमच्या शिवारात नांगराला दात लागला की औत थांबते. ज्याला सापडला त्याने तो हातानेच उचलायचा असतो, काठीने नाही. पुरुष असला तरी उपरण्याची ओटी करून तो गावात आणायचा. मग तो घराघरांतून, हाताहातांतून जातो. म्हाताऱ्यांच्या, नव्या सुनांच्या, तान्ह्या पोरांच्या मुठीतही क्षणभर ठेवतात. एकही हात राहिला तर दात पुढे न्यायचा नाही. सगळे झाले की तो माळावर नेऊन धार खाली करून रोवतात. तुम्ही इथे आहात आणि दात निघाला, तर तुमच्याही हातात देतील. घ्यावा. तो खरोखर आतून गार असतो.

आणि आजही वैशाखात आभाळ उठले, नदीच्या अंगाला उजेड फिरू लागला, की अंजनगव्हाणात एकाही दाराला कडी लागत नाही. आम्ही आत भिंतीला लागून बसतो. पोरे कानांत बोटे घालतात, मोठी माणसे देवाचे नाव घेत राहतात. भीती वाटतेच. ती कधी गेली नाही. रस्त्याने कुणी पळत आले, ओळखीचे असो की परके, ते सरळ आत येते. ओल्या अंगाने दारात उभे राहते. कुणी त्याला काही विचारत नाही. आम्ही नुसते सरकून जागा करतो.